रात्रीतून डेटा कुठे गेला?

[घरात वायफाय असते, तरी फोनमधला मोबाइल डेटा संपून जातो. असे का होते? या पाठात जळगावच्या एका घरातील प्रसंग कल्पिला आहे. त्यावरून फोन वायफाय केव्हा सोडतो आणि त्याला वायफायवर कसे ठेवावे, हे समजून घ्या.]

मे महिन्यातले जळगाव तुम्ही पाहिले आहे का? पाहिले नसेल तर भुसावळ आठवा, नाहीतर धुळे आठवा. तिन्ही ठिकाणी ऊन सारखेच. पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. दिवसभर तापलेल्या भिंती रात्रीही गार होत नाहीत. मग जेवणे आटोपली, की घरोघरची माणसे सतरंज्या, उशा आणि पाण्याची सुरई घेऊन गच्चीवर जातात. वर मोकळा वारा असतो. गप्पा रंगतात. लहान मुले चांदण्या मोजता मोजता झोपी जातात. आजकाल माणसांबरोबर मोबाइल फोनही गच्चीवर जातो. आपली गोष्ट तिथूनच सुरू होते.

जळगावातले असे एक घर डोळ्यांसमोर आणा. घरात अब्बा, अम्मी, दादीजान आणि नुकतीच दहावी पास झालेली आपा आहे. तिचे धाकटे भावंड म्हणजे तुम्ही. खालच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी वायफायचा राउटर आहे. राउटर म्हणजे ती दोन-तीन शिंगांची छोटी पेटी, जिच्यावर हिरवे दिवे लुकलुकत असतात. तिचे पैसे अब्बा दर महिन्याला भरतात. शिवाय आपाच्या फोनमधल्या सिमकार्डावर रोज दीड जीबी डेटा मिळतो. त्याचा हिशेब रात्री बारा वाजता नव्याने सुरू होतो. आदल्या दिवशीचा डेटा उरला, तरी तो दुसऱ्या दिवशी जमा होत नाही.

आपाला अकरावीचा अर्ज भरायचा होता. पूर्वी अकरावीचा ऑनलाइन प्रवेश मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरताच होता. २०२५-२६ या वर्षापासून साऱ्या राज्यासाठी ऑनलाइन पद्धत सुरू झाली. आता चोपड्याच्या मुलालाही आणि साक्रीच्या मुलीलाही अर्ज इंटरनेटवरच भरावा लागतो. अर्जाला मुदत असते. आपाच्या अर्जाचा तो शेवटचा दिवस होता. संध्याकाळी सहा वाजता मुदत संपणार होती.

(इथे थोडे थांबा. अर्ज, मुदत, हिशेब, खर्च, जमा, बाकी हे शब्द मराठीने फारसी-अरबीतून घेतले आहेत. ते तुमच्या उर्दूतही आहेत. उच्चारात थोडा फरक आहे, एवढेच. तुम्ही हिसाब म्हणता, मराठी माणूस हिशेब म्हणतो.)

सकाळी आपा उठली. फोनवर एक संदेश आला होता. 'आपला आजचा ९० टक्के डेटा वापरून झाला आहे.' आपाने डोळे चोळले. आज तर तिने फोनला हातही लावला नव्हता! पण घरात वायफाय होते, म्हणून तिने त्या संदेशाकडे लक्ष दिले नाही. "अर्ज वायफायवर भरीन," ती म्हणाली. मग तिने घरातली कामे केली, न्याहारी केली, दाखले शोधून काढले. उरलेला डेटा तेवढ्यात कधी संपला, ते तिला कळलेही नाही. ती अर्ज उघडून बसली आणि वीज गेली. पंखा थांबला. राउटरचे हिरवे दिवे विझले. चौकशी केली तेव्हा समजले, की तारांच्या दुरुस्तीसाठी साऱ्या मोहल्ल्याची वीज बंद ठेवली आहे आणि ती संध्याकाळपर्यंत येणार नाही.

तुम्ही म्हणाल, रोजचा डेटा संपला तरी इंटरनेट अगदी बंद होत नाही. खरे आहे. बहुतेक योजनांमध्ये ते हळू चालते. पण किती हळू? गणित करून पाहा. डेटा संपल्यावर वेग सेकंदाला ६४ किलोबिट इतका उरतो. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे सेकंदाला फक्त ८ किलोबाइट. आपाला जातीच्या दाखल्याचा फोटो पाठवायचा होता. तो २ एमबीचा, म्हणजे सुमारे २००० किलोबाइटचा होता. २००० भागिले ८, उत्तर २५०. एका फोटोला २५० सेकंद, म्हणजे चार मिनिटांहून जास्त वेळ! तेही मध्ये काही अडले नाही तर. इतका वेळ अर्जाचे पान वाट पाहत नाही. ते मध्येच बंद पडते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आपाने तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा पान बंद पडले. तिच्या डोळ्यांत पाणी आले.

दुपारी चारच्या सुमाराला मामू आले. त्यांनी आपल्या फोनचा हॉटस्पॉट चालू केला. हॉटस्पॉट म्हणजे एका फोनने आपला मोबाइल डेटा दुसऱ्या फोनला वायफायच्या रूपाने देणे. आपाचा फोन त्याला जोडला. पाच वाजायच्या आत अर्ज गेला. आपाने मोठा श्वास सोडला. अम्मीने मामूंसाठी सरबत केले. सरबताचा पेला खाली ठेवतात न ठेवतात, तोच मामूंच्या फोनवर संदेश आला. त्यांचाही दिवसाचा डेटा संपला होता!

"एका अर्जाला एवढा डेटा लागतो?" मामूंनी विचारले.

नाही, लागत नाही. एवढ्या अर्जाला काही एमबी पुरतात. मग दोन फोनांचा डेटा गेला कुठे?

चला, आपण शोध घेऊ या. त्यासाठी पोलीस नको, पंचनामा नको. फोन स्वतःच सारा हिशेब ठेवत असतो. फोनच्या सेटिंग्जमध्ये जा. तिथे नेटवर्क किंवा कनेक्शन असे काही नाव असेल. त्यात 'डेटा वापर' शोधा. प्रत्येक कंपनी नाव थोडे वेगळे ठेवते, पण हे पान बहुतेक सर्व फोनांत असते. कोणत्या ॲपने किती मोबाइल डेटा वापरला, ते तिथे ओळीने लिहिलेले असते. आपाच्या फोनमध्ये सर्वांत वर फोटो जपून ठेवणारे ॲप होते. त्याने एकट्याने एक जीबीहून जास्त डेटा वापरला होता. त्याच्या खाली व्हॉट्सॲप होते.

आता आठवले. दोनच दिवसांपूर्वी धुळ्याला खालाजानच्या मुलीचे लग्न झाले होते. आपाने मेंदीच्या, निकाहच्या आणि रुखसतीच्या चित्रफिती काढल्या होत्या. उत्तम दर्जाची एक मिनिटाची चित्रफीत साधारण १०० एमबीची होते. अशा पंधरा मिनिटांच्या चित्रफितींत दीड जीबी सहज भरतो. फोटो जपणारे ॲप या चित्रफिती इंटरनेटवरच्या साठ्यात पाठवत होते. तसे हे ॲप मोबाइल डेटा वापरण्यापूर्वी परवानगी मागते. पण लग्नाच्या गडबडीत कोणीतरी 'मोबाइल डेटावरही चालेल' या पर्यायावर बोट ठेवले होते. कोणी ठेवले? ते विचारू नका. घरात लहान भावंडे असली, की असे व्हायचेच.

"पण रात्री वायफाय चालूच होते!" आपा म्हणाली. "मी बंद केले नव्हते."

आपा खोटे बोलत नव्हती. वायफाय चालू होते, पण खालच्या खोलीत. फोन होता गच्चीवर. मधे सिमेंटचा जाड स्लॅब आणि विटांच्या भिंती होत्या. वायफायच्या लहरी फार दूर जाण्यासाठी बनवलेल्या नाहीत. साध्या राउटरच्या लहरी दोन प्रकारच्या असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी जरा लांब जातात आणि भिंतीतून थोड्या तरी पार होतात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरींचा वेग जास्त असतो, पण भिंत आली की त्या लवकर दमतात. लोखंडी कपाट, पत्रा आणि पाण्याची टाकी यांच्यापुढे तर दोघींचे फारसे चालत नाही. आपाचा फोन गच्चीवर पोहोचला, वायफाय क्षीण झाले आणि रात्री बारा वाजता नवा दीड जीबी मिळाला. सगळे झोपले होते. फोन मात्र जागा होता.

त्या रात्री जेवणानंतर सगळे पुन्हा गच्चीवर जमले. फोन मधोमध ठेवला होता. दादीजान सारे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "घरात नळाला पाणी असताना तुमच्या फोनने टँकर मागवला, असेच ना?"

दादीजानने नेमके सांगितले. पण फोनने असे का केले? त्यासाठी धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीकडे जाऊ या. या नदीवर जुने बंधारे आहेत. त्यांच्या पाटाचे पाणी शेतकरी फड पद्धतीने वाटून घेतात. फड म्हणजे शेतांचा गट. पाण्याची पाळी कोणाची, ते पाणी कोणत्या शेतात सोडायचे, हे काम पाटकरी पाहतो. तो दार उघडतो, दार लावतो. तुमच्या फोनमध्येही असाच एक पाटकरी बसलेला आहे, असे समजा. त्याच्यापुढे दोन पाट आहेत. एक वायफायचा, दुसरा मोबाइल डेटाचा. फोनमधल्या फेसबुकला, यूट्यूबला, फोटोंना पाणी द्यायचे, एवढेच त्याला ठाऊक. वायफायचा पाट चांगला वाहत असेल तर तो वायफायचेच दार उघडतो. हा त्याचा पहिला नियम आहे. पण वायफायचे पाणी आटले, की तो क्षणात दुसरे दार उघडतो. तुम्हांला विचारत नाही. पाणी येते आहे की नाही, हे तो पाहतो. ते पाणी फुकटचे की विकतचे, हे त्याने पाहावे असे वाटत असेल, तर तसे त्याला आधी सांगून ठेवावे लागते.

विकतचे का, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. मोबाइल कंपन्या ज्या लहरी वापरतात, त्यांचा हक्क त्यांना सरकारकडून लिलावात विकत घ्यावा लागतो. त्या लहरी मर्यादित आहेत आणि एका टॉवरवर शेकडो माणसे अवलंबून असतात. म्हणून मोबाइल डेटा मापून दिला जातो. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी घरात वापरायला परवाना लागत नाही. भारतात ही मोकळीक २००५ साली मिळाली. राउटरच्या मागे येणाऱ्या तारेचे किंवा काचतंतूचे पैसे मात्र भरावे लागतात. ते महिन्याचे ठरलेले असतात. थोडे वापरा की पुष्कळ वापरा, बहुधा सारखेच. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली. त्यानंतर मोबाइल डेटा देशभर पुष्कळ स्वस्त झाला. तरी दिवसाची मर्यादा राहिलीच, आणि अर्जाच्या दिवशी ती मर्यादाच आड येते.

वायफाय या नावाविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण परीक्षेत त्याचे 'पूर्ण रूप' विचारतात. वायफायचे तांत्रिक नियम १९९७ साली ठरले. नाव १९९९ साली आले. ते एका जाहिरात-व्यवसायातील कंपनीकडून तयार करून घेतले होते. काही पुस्तकांत त्याचा 'वायरलेस फिडेलिटी' असा लांबलचक विस्तार दिलेला असतो. पण नाव ठेवणाऱ्यांनी असा विस्तार मनात धरून ते ठेवले नव्हते. वायफाय म्हणजे वायफाय.

आता दुसरी गोष्ट नीट ध्यानात घ्या. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे! वायफाय हा फोनपासून राउटरपर्यंतचा काही मीटरांचा रस्ता आहे. खरे इंटरनेट राउटरच्या मागून येते. समजा, तुमच्या घरात इन्व्हर्टर आहे. वीज गेली तरी राउटर चालू राहिला. पण चौकातल्या खांबावरच्या पेटीची वीज गेली, तर राउटरपर्यंत इंटरनेट येणार नाही. अशा वेळी फोनवर वायफायचा पंखा दिसतो, पण बहुधा त्याच्याजवळ एक छोटे उद्गारचिन्ह असते. ते उद्गारचिन्ह कौतुकाचे नाही, बरे का! त्याचा अर्थ, रस्ता आहे पण पाणी नाही. आणि पाटकरी तोवर मोबाइल डेटाचे दार उघडून मोकळा झालेला असतो.

मग त्या पाटकऱ्याला सांगायचे कसे?

सर्वांत खात्रीचा उपाय अगदी सोपा आहे. मोबाइल डेटाचे बटण बंद करा. फोनच्या पडद्यावर वरून खाली बोट ओढले, की हे बटण दिसते. ते बंद केल्यावर एखादे नवे पान उघडून पाहा. उघडले, तर ते वायफायवरच उघडले आहे, यात शंका नाही. नाही उघडले, तर इतका वेळ तुम्ही वायफायवर नव्हताच! आधी उघडून ठेवलेले पान पाहून फसू नका. ते फोनच्या स्मरणात असू शकते.

आपाने बटण बंद केले, तेव्हा दादीजान घाबरल्या. "अगं, असे करू नकोस. तुझे चाचा सुरतेला आहेत. रात्री-बेरात्री त्यांचा फोन आला तर?"

ही भीती पुष्कळ घरांत असते. म्हणून वडीलधारी माणसे डेटा कधीच बंद करू देत नाहीत. पण डेटा बंद केला म्हणजे फोन बंद झाला, असे नाही. साधे फोन येतात, जातात. एसएमएस येतात. बँकेचा किंवा अर्जाचा ओटीपी एसएमएसने येतो, तोही येतो. विमान-मोड लावला तर मात्र साधे फोन बंद होतात. म्हणून दादीजानच्या घरात विमान-मोड नको, फक्त डेटा बंद. आपाने अब्बांच्या फोनवरून स्वतःला फोन लावून दाखवला. घंटी वाजली. दादीजानचे समाधान झाले.

दिवसभर डेटा बंद ठेवणे सगळ्यांना जमत नाही. घराबाहेर पडले, की तो लागतो, आणि परत आल्यावर बंद करायचे राहून जाते. म्हणून जे ॲप जास्त खाते, त्यालाच लगाम घालावा. फोटो जपणाऱ्या ॲपमध्ये मोबाइल डेटाची परवानगी काढून टाका. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये साठा आणि डेटा असा भाग आहे. तिथे मोबाइल डेटावर असताना कोणत्या गोष्टी आपोआप उतरवाव्यात, हे ठरवता येते. फोटो, आवाज, चित्रफिती, कागदपत्रे या चारही खुणा काढा. मग लग्नाच्या गटातले दोनशे फोटो आपोआप येणार नाहीत. ज्यावर बोट ठेवाल, तोच येईल. नवी ॲप आणि त्यांची नवी रूपे जिथून येतात, त्या प्ले स्टोअरमध्येही 'फक्त वायफायवर' असा पर्याय आहे. तो निवडून ठेवा. यूट्यूबवरून चित्रफीत उतरवून ठेवायची असेल, तर तिथेही असाच पर्याय मिळतो.

काही फोनांत एक मदतनीस असतो. वायफाय जरा हळू झाले, की तो स्वतःच मोबाइल डेटा जोडीला घेतो. आयफोनमध्ये 'वायफाय असिस्ट' नावाची ही सोय २०१५ साली आली. ती मोबाइल डेटाच्या पानावर अगदी तळाशी असते. इतक्या तळाशी, की बहुतेकांना ती दिसतच नाही. अँड्रॉइडच्या काही फोनांत वायफायच्या प्रगत सेटिंग्जमध्ये 'मोबाइल डेटावर जा' अशा अर्थाचा पर्याय असतो. घरचे वायफाय क्षीण असेल, तर हा मदतनीस रोज थोडा थोडा डेटा खातो. त्याला बंद करा. दोन सिमकार्डांचा फोन असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. एका सिमचा डेटा चालेनासा झाला, की आपोआप दुसऱ्या सिमवर जाण्याचा पर्याय काही फोनांत असतो. तोही बंद केलेला बरा.

अँड्रॉइडमध्ये डेटाची मर्यादाही ठरवता येते. 'इतका डेटा झाला की सूचना दे' आणि 'इतका झाला की बंद कर' अशा दोन पायऱ्या असतात. शिवाय ग्राहकाला कळावे, म्हणून दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, कंपन्यांसाठी नियम केले आहेत. डेटा ५० टक्के, ९० टक्के आणि १०० टक्के वापरून झाला, की कंपनीने ग्राहकाला कळवायचे असते. आपाला सकाळी आलेला संदेश याच प्रकारचा होता. तो तिने वाचला आणि सोडून दिला. रात्री आलेला ५० टक्क्यांचा संदेश तर झोपेतच गेला.

मामूंच्या डेटाचे कोडे अजून बाकी आहे. हॉटस्पॉट ही मोठी फसवी गोष्ट आहे. मामूंचा फोन मोबाइल डेटा वापरत होता, पण आपाच्या फोनला दिसत होते वायफाय. आपाच्या फोनला वाटले, चला, वायफाय आले, आता हात आखडायला नको! राहिलेल्या चित्रफिती निघाल्या. व्हॉट्सॲपने अडवून ठेवलेले व्हिडिओ उतरू लागले. म्हणजे आपण 'फक्त वायफायवर' असे जे जे सांगून ठेवले असते, ते सारे हॉटस्पॉटवर मोकळे सुटते. काही नवे फोन हॉटस्पॉट ओळखतात आणि स्वतःच हात आवरतात. आपाच्या जुन्या फोनला ते जमले नाही. म्हणून दुसऱ्याच्या हॉटस्पॉटला फोन जोडला, की त्या वायफायच्या नावावर बोट ठेवून त्याच्या माहितीत जा. तिथे हे कनेक्शन 'मापून मिळणारे' आहे, असे सांगण्याची सोय असते. इंग्रजी फोनांत त्याला 'मीटर्ड' म्हणतात. विजेच्या मीटरवरून हा शब्द लगेच लक्षात राहील. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद होत्या आणि कित्येक घरांत एकाच फोनच्या डेटावर दोघे-तिघे शिकत होते. त्या वेळी ही गोष्ट ठाऊक असती, तर बऱ्याच मुलांचे तास मध्येच तुटले नसते.

पुढच्या आठवड्यात आपा आणि तुम्ही धुळ्याला निघालात. खालाजानने बोलावले होते. बसने गेलात तर पारोळ्यावरून जाल, पण तुम्ही आगगाडीने निघालात. जळगावहून चाळीसगाव आणि तिथे गाडी बदलून धुळे. जळगाव स्थानकावर आपाच्या फोनला रेल्वेचे वायफाय दिसले. रेल्वे स्थानकांवर वायफाय देण्याचे काम रेलटेल ही सरकारी कंपनी करते. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरुवात झाली आणि पुढे ते देशातल्या सहा हजारांहून अधिक स्थानकांवर पोहोचले. रोजचा पहिला अर्धा तास मोफत, अशी ती योजना आहे.

आपाने फोन जोडला. पंख्याचे चिन्ह आले. तिने लगेच एक गाणे लावले. ते सुरूही झाले. तुम्ही काय कराल? उद्गारचिन्ह आहे का, ते आधी पाहाल! स्थानकाचे वायफाय नुसते जोडून चालत नाही. त्याच्या पानावर मोबाइल क्रमांक लिहावा लागतो. मग एसएमएसने ओटीपी येतो. तो भरेपर्यंत दार बंदच असते. फोनला हे कळते कसे? फोन नव्या वायफायला जोडला, की तो गुपचूप एका दूरच्या संगणकाला एक छोटा प्रश्न पाठवतो. त्याचे ठरलेले कोरे उत्तर आले, तर इंटरनेट आहे. कोऱ्या उत्तराऐवजी एखादे भलतेच पान आले, तर दारावर पहारेकरी आहे. मग फोन 'साइन इन करा' अशी सूचना दाखवतो. आपाने ती पाहिलीच नव्हती. गाणे मोबाइल डेटावर चालले होते.

आपाने ओटीपी भरला, डेटा बंद केला आणि गाणे पुन्हा लावले. आता ते खरोखर स्थानकाच्या वायफायवर होते. पण एक सावधगिरी तिने बाळगली. अशा सर्वांसाठी खुल्या वायफायवर बँकेचे व्यवहार करू नयेत. स्थानकाच्या वायफायसारखे नाव ठेवून कोणी खोटे जाळेही पसरू शकतो. अशा वेळी आपला मोबाइल डेटाच बरा. थोडा डेटा गेला तर जाऊ द्यावा. गाडी सुटली, फलाट मागे पडला आणि गाणे थांबले. डेटा बंद असल्यामुळे पाटकऱ्याला दुसरे दार उघडता आले नाही.

धुळ्याला खालाजानचे जुने घर धाब्याचे आहे. भिंती हातभर जाड. उन्हाळ्यात आत गार वाटते, पण एका खोलीतले वायफाय दुसऱ्या खोलीत पोहोचत नाही. खालाजानने राउटर लोखंडी कपाटामागे ठेवला होता, धूळ बसू नये म्हणून. तुम्ही तो काढून मधल्या दारावर उंच फळीवर ठेवलात. दोन्ही खोल्यांत पंख्याच्या रेषा वाढल्या. मग आपा फोन घेऊन हळूहळू जिना चढली. आठव्या पायरीपर्यंत पान उघडत होते. नवव्या पायरीवर थांबले.

"आठव्या पायरीपर्यंत आपली हद्द," आपा म्हणाली. तिने फोन तिथल्याच कोनाड्यात ठेवला आणि उशी घेऊन ती वर गेली. सकाळी कोनाड्यातून फोन काढला, तेव्हा दीड जीबी डेटा जसाच्या तसा शिल्लक होता. चाचांचा फोनही रात्री येऊन गेला होता, पण तो कोनाड्यात वाजला आणि वर कोणालाच ऐकू गेला नाही. दादीजानना हे अजून कोणी सांगितलेले नाही.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आपाचा डेटा रात्री बारानंतरच का संपू लागला?
(आ) वायफायच्या खुणेजवळचे उद्गारचिन्ह काय सांगते?
(इ) मामूंचा डेटा कशामुळे संपला?

२. दादीजानना डेटा बंद करण्याची भीती का वाटली? आपाने त्यांची समजूत कशी घातली?

३. गणित करा. सेकंदाला ८ किलोबाइट या वेगाने ६ एमबीचे कागदपत्र पाठवायला किती मिनिटे लागतील?

४. आपल्या घरातल्या एका फोनचा 'डेटा वापर' वडीलधाऱ्यांच्या परवानगीने पाहा. सर्वांत जास्त डेटा घेणारी तीन ॲप लिहून आणा.

५. तुमच्या घरातली 'आठवी पायरी' शोधा.